टेबलावरील अद्‌भुतरम्य भूमिकाखेळांतील खेळाडू-विरुद्ध-खेळाडू द्वंद्व : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

बुद्धिबळ असो वा सारीपाट, पटाच्या पलीकडे बसलेली व्यक्ती ही प्रतिस्पर्धी असते आणि तिचा पराभव हेच खेळाचे उद्दिष्ट असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आलेल्या अद्‌भुतरम्य भूमिकाखेळांनी ही मांडणी बदलली. या खेळात काही मंडळी एका टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण पंच होतो व कल्पित जगाचे वर्णन करतो. इतर प्रत्येक जण योद्धा, जादूगार, पुरोहित किंवा चोर अशा एकेका पात्राची भूमिका घेतो. पात्र काय करणार हे खेळाडू तोंडाने सांगतो आणि कृती सफल झाली की नाही याचा निर्णय नियम, फासे व पंच यांच्या आधारे होतो. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ मानला जातो.

या खेळाची आजची सर्वसाधारण प्रतिमा सहकार्याची आहे. पात्रे परस्परांचे सोबती असतात, भुयारात उतरतात, राक्षसांशी लढतात आणि मिळालेली संपत्ती वाटून घेतात. अशा वेळी एका खेळाडूच्या पात्राने दुसऱ्याच्या पात्रावर शस्त्र उगारले, तर ती कृती खेळाच्या मूळ प्रकृतीशी विसंगत समजली जाते. तथापि, इतिहासाचा मागोवा घेतला असता क्रम नेमका उलट दिसतो. खेळाडूंमधील द्वंद्व हे या खेळाचे मूळ आहे आणि सहकार्य ही नंतर घडत गेलेली प्रथा आहे. हे स्थित्यंतर का झाले आणि त्यातून कोणता प्रश्न पुढे आला, याचा विचार प्रस्तुत शोधनिबंधात करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. भूमिकाखेळांतील खेळाडू-विरुद्ध-खेळाडू द्वंद्वाची ऐतिहासिक मुळे शोधणे.
२. प्रारंभीच्या नियमांमध्ये अशा द्वंद्वाला असलेले स्थान स्पष्ट करणे.
३. सहकार्याची प्रथा रूढ होण्यामागील कारणांची मीमांसा करणे.
४. द्वंद्वालाच केंद्रस्थान देणाऱ्या खेळांची वैशिष्ट्ये तपासणे.

व्याप्ती व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यास ऐतिहासिक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा आहे. प्रकाशित नियमपुस्तिका हे त्याचे प्रमुख साधन असून, आद्य खेळाडूंनी पुढील काळात सांगितलेल्या आठवणींचा दुय्यम साधन म्हणून उपयोग केला आहे. आठवणी अनेक वर्षांनंतर सांगितल्या गेल्या असल्याने त्यांच्यावर नियमपुस्तिकांइतका भार टाकलेला नाही. विवेचन टेबलावरील खेळांपुरते मर्यादित असून संगणकीय खेळांचा त्यात समावेश नाही.

युद्धखेळांचा वारसा :

भूमिकाखेळांची वंशावळ युद्धखेळांपर्यंत आणि तेथून बुद्धिबळापर्यंत जाते. भारतातील चतुरंग इराण व अरब जगतामार्गे युरोपात पोहोचले. १७८० मध्ये जर्मन प्रदेशातील योहान ख्रिस्तियान लुडविग हेलविग यांनी बुद्धिबळाच्या पटाचा विस्तार करून त्यावर प्रत्यक्ष भूप्रदेश व सैन्यप्रकार दाखवणारा खेळ रचला. पुढे प्रशियातील राइसवित्झ पितापुत्रांनी पट बाजूला सारून नकाशा आणला. पुत्राचे नियम १८२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी 'क्रीगश्पील' या नावाने हा खेळ स्वीकारला गेला.

या खेळाने दोन गोष्टींचा वारसा मागे ठेवला. पहिली म्हणजे फाशांच्या साहाय्याने युद्धातील अनिश्चितता मोजण्याची पद्धत आणि दुसरी म्हणजे तटस्थ पंच. दोन्ही पक्ष आपापले हुकूम पंचाकडे देत आणि प्रतिपक्षाचे जेवढे दिसणे शक्य असे तेवढेच पंच त्यांना सांगे. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ यांनी नियमांचे ओझे कमी करून पंचाच्या अनुभवजन्य निर्णयाला प्राधान्य देणारा मुक्त प्रकार पुढे आणला. अमेरिकेत चार्ल्स टॉटन यांचा 'स्ट्रॅटेगोस' हा ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडू कोणतीही कृती करू पाहू शकतो व तिचा परिणाम पंचाने ठरवावा, हे तत्त्व त्यात होते.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. या साऱ्या खेळांत पंच कोणाचाही शत्रू नव्हता. शत्रू समोरचा खेळाडू होता आणि पंच त्या दोघांमधील न्यायाधीश होता. भूमिकाखेळांच्या जन्मकाळी हेच नाते गृहीत धरलेले होते.

ब्राउनस्टाइन ते ब्लॅकमूर :

१९६९ मध्ये मिनियापोलिस–सेंट पॉल या जोडशहरांतील युद्धखेळ मंडळात डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ आयोजित केला. नेपोलियनच्या काळातील एका कल्पित जर्मन गावाची त्यास पार्श्वभूमी होती. टॉटन यांच्या ग्रंथाचा प्रभाव असलेल्या वेस्ली यांनी केवळ सेनापतीच नव्हे, तर गावचा महापौर, बँकेचा चालक, विद्यापीठाचा प्रमुख अशा व्यक्तिगत भूमिकाही खेळाडूंना वाटून दिल्या आणि प्रत्येकास स्वतंत्र उद्दिष्ट दिले. अपेक्षा अशी होती की, या साऱ्यातून अखेरीस सैन्यांची लढाई उभी राहील.

प्रत्यक्षात लढाई बाजूलाच राहिली. खेळाडू परस्परांशी गुप्त खलबते करू लागले आणि दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचे आव्हान दिले. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीशी लढण्याचे नियम हाताशी नसल्याने वेस्ली यांना आयत्या वेळी निर्णय द्यावा लागला. त्यांच्या दृष्टीने तो प्रयोग फसला होता, परंतु खेळाडूंनी पुन्हा तसाच खेळ घेण्याचा आग्रह धरला. एका खेळाडूने एकाच पात्राची भूमिका घेण्याच्या या पद्धतीचा प्रारंभ ज्या प्रसंगातून झाला, त्याच प्रसंगात दोन खेळाडूंच्या पात्रांमधील द्वंद्वही घडले, ही बाब लक्षणीय आहे.

याच मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी १९७१ पासून 'ब्लॅकमूर' हे अद्‌भुतरम्य जग उभे केले. तेथेही आरंभी सुष्ट व दुष्ट असे पक्ष होते आणि दुष्ट पक्षाची सूत्रेही काही खेळाडूंच्याच हाती होती. मंडळातील जुन्या खेळाडूंच्या आठवणींनुसार, 'सर फँग' हा रक्तपिपासू पिशाच्च एका खेळाडूचेच पात्र होते. ते इतके प्रबळ झाले की, त्याला आवर घालण्यासाठी दैवी सामर्थ्य असणारे पुरोहिताचे पात्र निर्माण करावे लागले. आज रोगनिवारक व साहाय्यक म्हणून ओळखला जाणारा पुरोहित अशा रीतीने एका खेळाडूविरुद्धचा उपाय म्हणून जन्मास आला.

१९७४ ची नियमपुस्तिका :

विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथील गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह 'चेनमेल' हे मध्ययुगीन युद्धखेळाचे नियम १९७१ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यात माणसास माणूस भिडण्याचे नियम, घोडेस्वारांची भाल्यांची झुंज आणि अद्‌भुत प्राण्यांविषयीची पुरवणी होती. हे सर्व नियम दोन प्रतिस्पर्धी खेळाडूंसाठी लिहिलेले होते. गायगॅक्स व आर्नेसन यांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तीन पुस्तिकांचा संच निघाला. पहिल्या आवृत्तीच्या १,००० प्रती छापण्यात आल्या आणि संचाची किंमत १० डॉलर होती. मुखपृष्ठावर या खेळाचे वर्णन मध्ययुगीन अद्‌भुत युद्धखेळ-मोहिमांचे नियम असे होते. 'भूमिकाखेळ' ही संज्ञा तेथे नव्हती.

या संचात एका मोहिमेत चार ते पन्नास खेळाडू असू शकतील आणि वीस खेळाडूंमागे सुमारे एक पंच असावा, असे सुचवले होते. एवढे खेळाडू एका टेबलाभोवती सोबती म्हणून बसणे संभवनीय नव्हते. वेगवेगळे गट वेगवेगळ्या दिवशी त्याच भुयारात उतरत. एका गटाने लुटलेला खजिना दुसऱ्यास मिळत नसे. उच्च श्रेणीस पोहोचलेल्या पात्राने गढी बांधावी, मुलूख राखावा, फौज पदरी ठेवावी, अशीही तरतूद होती. एका खेळाडूच्या गढीशेजारी दुसऱ्याची गढी उभी राहिली की, त्यांच्यातील युद्ध हा खेळाचा स्वाभाविक पुढचा टप्पा होता.

नियमांतच रुजलेली फूट :

पुढील चार-पाच वर्षांत आलेल्या पुरवण्यांनी गटाअंतर्गत वैराला अधिकच वाव दिला. त्याचे चार स्तर दाखवता येतात.

पहिला स्तर नैतिक पक्षाचा. १९७४ च्या नियमांत प्रत्येक पात्र 'व्यवस्था', 'तटस्थता' किंवा 'अराजक' यांपैकी एका पक्षाचे असे. पॉल अँडरसन व मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून आलेली ही कल्पना मुळात कोण कोणाच्या सैन्यात उभा राहील हे ठरवणारी होती. १९७६ मध्ये गायगॅक्स यांनी तिला 'सुष्ट-दुष्ट' हा दुसरा अक्ष जोडला आणि १९७८ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये नऊ पर्याय झाले. युद्धातील पक्ष आता व्यक्तीचे चारित्र्य बनला आणि परस्परविरोधी चारित्र्याची पात्रे एकाच गटात येऊ लागली.

दुसरा स्तर पात्रवर्गांचा. १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत खिसे कापणारा चोर आणि धर्मनिष्ठ 'पॅलाडिन' एकाच वेळी अवतरले. त्याच वर्षीच्या 'ब्लॅकमूर' पुरवणीत मारेकरी आला. १९७८ च्या नियमांत मारेकरी दुष्टच असावा लागे, तर पॅलाडिनला दुष्टांची संगत निषिद्ध होती. दोन खेळाडूंनी नियमांनी दिलेले दोन वर्ग निवडले, एवढ्यानेच संघर्षाची ठिणगी पडत असे.

तिसरा स्तर बढतीचा. भिक्षू, ड्रुइड व मारेकरी यांच्या उच्च श्रेणींत जागा मर्यादित होत्या. वरच्या पदावर असलेल्यास द्वंद्वात हरवल्याशिवाय किंवा, मारेकऱ्याच्या बाबतीत, ठार केल्याशिवाय ते पद सहसा मिळत नसे. पदधारक दुसऱ्या खेळाडूचे पात्र असल्यास नियमांनीच त्या दोघांना समोरासमोर उभे केलेले असे.

चौथा स्तर संपत्तीचा. मिळवलेल्या सोन्याच्या प्रमाणात पात्राचे अनुभवगुण वाढत. त्यामुळे वाटणीतील प्रत्येक नाणे हे प्रगतीचे माप होते. १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या ग्रंथात वाटणीच्या पद्धती स्वतंत्रपणे द्याव्या लागल्या, यावरून या प्रश्नाचे महत्त्व लक्षात येते.

द्वंद्व विषम का ठरते :

वैराला एवढा वाव असूनही नियमांची घडण मात्र समतोल द्वंद्वास अनुकूल नव्हती. १९७८ च्या नियमांत पहिल्या श्रेणीच्या योद्ध्याचे जीवनगुण दहा बाजूंच्या फाशाने ठरत, तर जादूगाराचे चार बाजूंच्या फाशाने. लांब तलवारीचा सामान्य आकाराच्या शत्रूवरील आघात आठ बाजूंच्या फाशाने मोजला जाई. म्हणजे सरासरी आघात साडेचार गुणांचा आणि जादूगारास फाशातून मिळणारे कमाल जीवनगुण चार. तलवारीचा पहिला वार लागला की, बहुधा जादूगार संपला. उलट, जादूगाराच्या निद्रामंत्रापासून बचावाचा फासा टाकण्याची सोय कनिष्ठ श्रेणीच्या योद्ध्यास नव्हती. मंत्र आधी उच्चारला गेला, तर योद्धा निद्राधीन होई आणि निद्रिताचा वध करण्यास कौशल्य लागत नसे.

याचा अर्थ असा की, अशा द्वंद्वात सामर्थ्यापेक्षा आरंभ कोण करतो याला महत्त्व होते. ज्याने सोबत्याचा घात करण्याचे मनात ठरवले तो जिंकणार आणि ज्याने सोबत्यावर विश्वास ठेवला तो हरणार, असा हा विषम व्यवहार होता. त्यात भर म्हणजे पराभवाची किंमतही समान नव्हती. पंचाच्या राक्षसाचा मृत्यू झाला, तर कोणाचेच नुकसान होत नाही. खेळाडूच्या पात्राचा मृत्यू झाला, तर कित्येक महिन्यांची जोपासना संपते आणि त्या संध्याकाळी तो खेळाडू टेबलाशी केवळ बसून राहतो.

मिनियापोलिस परिसरातील खेळाडूंचा अभ्यास करून समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९८३ मध्ये 'शेअर्ड फँटसी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. टेबलावर बसलेला माणूस एकाच वेळी व्यक्ती, खेळाडू व पात्र अशा तीन पातळ्यांवर वावरतो, हे त्यांचे विवेचन येथे उपयुक्त ठरते. सोबत्याच्या हातून झालेल्या घाताचा आघात पात्राच्या पातळीवर थांबत नाही. 'माझे पात्रच तसे आहे' हे समर्थन पात्राच्या पातळीवरून दिले जाते, परंतु ते ऐकणारा दुखावतो तो व्यक्ती म्हणून. खेळातील मृत्यू काल्पनिक असला, तरी विश्वासभंग खरा असतो.

सहकार्याची प्रतिष्ठापना :

या पार्श्वभूमीवर सहकार्याची प्रथा कशी रूढ झाली, याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण पंचाच्या बदललेल्या स्थानात आहे. भुयार पंचाने आखलेले, त्यातील राक्षस पंचाचे, सापळेही पंचाचे. त्यामुळे दोन पक्षांमधील न्यायाधीश असलेला पंच हळूहळू सर्व प्रतिकूल शक्तींचा चालक झाला. शत्रूची जागा भरली गेल्यावर समोरच्या खेळाडूने शत्रू असण्याची गरज उरली नाही. मोठ्या मंडळांऐवजी चार-सहा मित्रांचे स्थिर गट रूढ झाल्यावर हा बदल पक्का झाला. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या प्राथमिक संचात या खेळात कोणी हरत वा जिंकत नाही, असेच प्रतिपादन केलेले आढळते.

दुसरे कारण स्पर्धांचे. १९७५ च्या 'ओरिजिन्स' संमेलनात गायगॅक्स यांचे 'टूम ऑफ हॉरर्स' हे साहस स्पर्धेसाठी वापरण्यात आले. एकाच भुयारातून अनेक गट स्वतंत्रपणे जात आणि कोण किती पुढे पोहोचला यावर क्रम लागे. स्पर्धा कायम राहिली, मात्र ती गटागटांतील झाली. गटाच्या आत फूट पडणे म्हणजे पराभव ओढवून घेणे होते.

तिसरे कारण सामाजिक प्रतिमेचे. १९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळावर हिंसा व सैतानपूजेचे आरोप झाले आणि १९८३ मध्ये पॅट्रिशिया पुलिंग यांनी त्याविरुद्ध संघटना स्थापन केली. अशा वातावरणात सहकार्य शिकवणारा खेळ ही प्रतिमा प्रकाशकांना सोयीची होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ ग्रंथातून मारेकरी हा पात्रवर्ग वगळण्यात आला.

पुढे अनोळखी खेळाडूंना एकत्र आणणाऱ्या संघटित खेळांत प्रथेचे रूपांतर लेखी नियमात झाले. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'पाथफाइंडर सोसायटी'च्या मार्गदर्शिकेत खेळाडू-विरुद्ध-खेळाडू द्वंद्वास स्पष्ट मनाई करण्यात आली. पात्र शत्रूच्या वशीकरणाखाली असल्यास तेवढा अपवाद ठेवण्यात आला. मित्रांच्या गटात जे परस्परांच्या समजुतीने सांभाळले जाई, ते अनोळखी लोकांच्या टेबलावर नियमानेच सांभाळावे लागले.

द्वंद्वाला केंद्रस्थान देणारे खेळ :

तथापि, द्वंद्वाची परंपरा लुप्त झाली नाही. ती स्वतंत्र खेळांत विकसित झाली. १९७५ मधील 'आँ गार्द' या सतराव्या शतकातील पॅरिसवर आधारित खेळात खेळाडूंची पात्रे प्रतिष्ठेसाठी तलवारीचे द्वंद्व खेळत. दोघेही आपल्या हालचालींचा क्रम आधी लिहून ठेवत आणि मग ते क्रम ताडून पाहिले जात. त्यामुळे आधी वार करणाऱ्याचा लाभ नाहीसा झाला. १९७७ मधील स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'मेली' या खेळात शक्ती व चापल्य यांत मिळून २४ गुण प्रत्येक पात्रास मिळत. गुणांची विभागणी वेगळी असली, तरी बेरीज समान असल्याने झुंज न्याय्य ठरे.

या परंपरेतील सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे एरिक वूजिक यांचा १९९१ मधील 'अँबर डाइसलेस रोल-प्लेइंग'. रॉजर झेलाझ्नी यांच्या कादंबरीमालेतील राजघराण्याच्या भाऊबंदकीवर तो आधारलेला आहे. यात फासेच नाहीत. प्रत्येक खेळाडूस १०० गुण मिळतात आणि मनोबल, शक्ती, सहनशीलता व युद्धकौशल्य यांचा खुला लिलाव होतो. युद्धकौशल्यात ज्याची बोली सर्वोच्च, तो सरळ लढतीत इतरांना हरवणार. हरणाऱ्याने तलवार टाकून कुस्तीला वा मनोबलाच्या झुंजीला तोंड फोडणे, म्हणजे लढतीचे स्वरूपच पालटणे, एवढाच मार्ग त्याच्यापाशी उरतो. येथे वैर पहिल्या संध्याकाळीच, सर्वांच्या देखत, लिलावाच्या रूपाने मान्य केले जाते. पुढे घात झाला तरी तो अनपेक्षित नसतो.

ल्यूक क्रेन यांच्या 'बर्निंग व्हील' या खेळाच्या २००५ च्या सुधारित आवृत्तीत द्वंद्वाला वादाचे रूप दिलेले आहे. दोन पात्रांमध्ये मतभेद झाल्यास काय पणाला लागले आहे हे आधी ठरते, दोघेही आपले डावपेच गुप्तपणे लिहितात आणि निकाल दोघांवर बंधनकारक असतो. विजेत्याच्या युक्तिवादाची जेवढी झीज झाली असेल, त्या प्रमाणात त्यास तडजोड स्वीकारावी लागते. येथे मतभेद मिटतो आणि पात्रही जिवंत राहते.

या उदाहरणांत कमीअधिक प्रमाणात तीन गोष्टी आढळतात. संघर्षास सर्वांची पूर्वसंमती असते, आरंभीची साधने समान असतात आणि पराभवाची किंमत आधी ठाऊक असते. १९७० च्या दशकातील भुयारात या तिन्हींचा अभाव होता. २०१३ मध्ये जॉन स्टाव्ह्रोपौलोस यांनी मांडलेल्या 'एक्स-कार्ड' या पद्धतीतही संमतीचेच तत्त्व आहे. टेबलावर ठेवलेल्या पत्त्यास कोणीही स्पर्श केला की, तो नकोसा प्रसंग कारण न विचारता वगळला जातो.

निष्कर्ष :

१. खेळाडू-विरुद्ध-खेळाडू द्वंद्व ही भूमिकाखेळांतील विकृती नसून युद्धखेळांकडून आलेला त्यांचा मूळ वारसा आहे.
२. १९७४ ते १९७९ या काळातील नियमांनी नैतिक पक्ष, पात्रवर्ग, बढती व संपत्ती या चार मार्गांनी अंतर्गत वैरास वाव दिला, परंतु ते न्याय्य रीतीने सोडवण्याची साधने दिली नाहीत.
३. पंच हा न्यायाधीशाऐवजी सर्व प्रतिकूल शक्तींचा चालक झाला, तेव्हाच सहकार्याची प्रथा शक्य झाली. स्पर्धांचे स्वरूप व सामाजिक टीका यांनी तिला बळ दिले.
४. द्वंद्वावरील बंदी ही मुख्यतः अनोळखी खेळाडूंमध्ये संमती गृहीत धरता येत नाही, या अडचणीवरील उपाय आहे.
५. पूर्वसंमती, समान साधने व ज्ञात किंमत या तीन अटी पाळल्या गेल्या, तेथे द्वंद्व खेळास मारक न ठरता समृद्ध करणारे ठरले.

ब्राउनस्टाइनमधील त्या दोन खेळाडूंनी परस्परांना आव्हान दिले होते. आव्हानात सूचना असते, स्वीकार असतो आणि समोरच्याचा मान राखलेला असतो. पाठीत खुपसलेल्या खंजिरात यांतील काहीच नसते. या खेळाच्या इतिहासात वाद द्वंद्वाचा असल्याचे वरकरणी दिसले, तरी वस्तुतः तो आव्हान आणि विश्वासघात यांतील फरकाचा आहे. ज्या खेळांना हा फरक उमगला, त्यांना द्वंद्वाची बंदी करावी लागली नाही.